बाटली कोणाच्या ताब्यात होती?

मा. गृहमंत्री महोदय,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.



प्रत्येक मोठ्या अपघातानंतर आपल्या खात्याकडून एक वाक्य हमखास येते: नशेत गाडी चालवणाऱ्याची गय केली जाणार नाही. बोलणाऱ्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण गय होते की नाही, हे पत्रकार परिषदेत ठरत नसते. ते ठरते चालकाच्या अंगातून काढलेल्या पाच-सहा मिलिलिटर रक्तावर. ते रक्त किती वाजता घेतले, कशात घेतले, ती बाटली कोणाकोणाच्या हातून गेली आणि प्रयोगशाळेला नेमके काय शोधायला सांगितले, या चार प्रश्नांपैकी एकाचेही उत्तर डळमळले, तर पुढे कितीही नामांकित सरकारी वकील नेमला तरी खटला उभा राहत नाही.

मी सार्वजनिक आरोग्य खात्यातून निवृत्त झालेली वैद्यकीय अधिकारी आहे. नोकरीची बरीच वर्षे महामार्गालगतच्या ग्रामीण रुग्णालयांत गेली. रात्री-अपरात्री हवालदार ‘यादी’ घेऊन येतो, सोबत चालक असतो. यादीत ठरलेली ओळ असते: सदर इसमाने मद्यप्राशन केले आहे किंवा कसे, याबाबत तपासणी करून अभिप्राय द्यावा. मग डॉक्टरने तोंडाचा वास पाहायचा, डोळ्यांच्या बाहुल्या पाहायच्या, चालायला लावायचे, बोलते करायचे, फॉर्म भरायचा, रक्त काढून सील करायचे. खेड्यापाड्यातल्या शेकडो डॉक्टरांनी हे काम वर्षानुवर्षे केले आहे, आजही करत आहेत. त्या कामाचे पुढे न्यायालयात काय होते, हे मात्र त्यांच्यापर्यंत क्वचितच पोहोचते. तुमच्यापर्यंत तरी पोहोचावे, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहिते आहे.

सुरुवात साठ वर्षांपूर्वीच्या खानदेशातून करू. १९६१ साली धुळ्याकडे एका मोटारीला अपघात झाला. चालकाला धुळ्याच्या सिव्हिल हॉस्पिटलात नेले. डॉक्टरांना दारूचा वास आला, त्यांनी रक्त घेतले आणि ते यथावकाश मुंबईच्या रासायनिक परीक्षकाकडे गेले. खटला वरच्या न्यायालयांतून फिरत १९६३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात पोहोचला, तेव्हा न्यायमूर्तींनी बोट ठेवले ते एका साध्या गोष्टीवर. रक्त काढल्यापासून परीक्षकाच्या हाती पडेपर्यंत ती कुपी कोणाकडे होती, तिच्यात ढवळाढवळ झाली नाही हे कोण सांगणार, याचा पुरावाच नोंदवलेला नव्हता. तो पुरावा आधी नोंदवा, असे न्यायालयाला सांगावे लागले. त्यानंतर १९७१ मध्ये मुंबई राज्याच्या दारूबंदी कायद्याखालीच आलेल्या दुसऱ्या एका चालकाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, तोंडाचा वास, डगमगती चाल आणि विस्फारलेल्या बाहुल्या एवढ्यावर माणूस दारूच्या अंमलाखाली होता असे ठामपणे धरता येत नाही. प्रयोगशाळेतली तपासणी व्हायला हवी होती. म्हणजे रक्त हवे आणि त्या रक्ताचा हिशेबही हवा, हे दोन्ही धडे आपल्याच राज्यातल्या खटल्यांतून पन्नास वर्षांपूर्वी मिळाले होते.

आता वांद्र्यात या. २८ सप्टेंबर २००२ च्या पहाटे हिल रोडवरच्या बेकरीबाहेर झोपलेल्या माणसांवर गाडी चढली. एकाचा मृत्यू झाला, चौघे जखमी झाले. अभिनेते सलमान खान यांच्यावर खटला चालला. रक्त घेतले गेले ते त्या दिवशी दुपारी, जे. जे. रुग्णालयात. कलिन्याच्या सरकारी न्यायसहायक प्रयोगशाळेने १०० मिलिलिटर रक्तात ६२ मिलिग्रॅम मद्यार्काचा अहवाल दिला. मे २०१५ मध्ये सत्र न्यायालयाने पाच वर्षांची शिक्षा दिली. डिसेंबर २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवले: ते स्वतः गाडी चालवत होते हेही संशयापलीकडे सिद्ध झाले नाही आणि ते दारूच्या अंमलाखाली होते हेही नाही. निकालात या रक्ताच्या प्रवासाची चिरफाड आहे. काढलेले रक्त सहा मिलिलिटर आणि प्रयोगशाळेत मोजलेले चार मिलिलिटर, मधल्या काळात ते कसे आणि कुठे ठेवले, टिकवण्याचे रसायन घातले होते का, प्रत्येक प्रश्नावर सरकारी बाजू अडखळली. संशयाचा फायदा आरोपीला मिळणे हा कायदाच आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तो संशय जिथे तयार झाला ती जागा मात्र सरकारच्या अखत्यारीतली होती.

त्याच वांद्र्यात, चार वर्षांनी, १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे कार्टर रोडच्या फुटपाथवर झोपलेल्या मजुरांवर एक मोटार गेली. सात जण गेले, आठ जखमी झाले. त्या चालकाच्या रक्तात ०.११२ टक्के मद्यार्क सापडला आणि तो अहवाल शेवटपर्यंत टिकला. सदोष मनुष्यवधाच्या कलमाखाली उच्च न्यायालयाने दिलेली तीन वर्षांची शिक्षा जानेवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम केली. शहर तेच, उपनगर तेच, प्रयोगशाळाही राज्याचीच. फरक एवढाच की या वेळी रक्ताचा अहवाल खोडता आला नाही.

मे २०२४ मधले पुणे आपल्याला सांगायला नको. १९ मेच्या पहाटे अडीचच्या सुमारास कल्याणीनगरात पोर्शे मोटारीच्या धडकेने दोन तरुण अभियंते ठार झाले. पोर्शे चालवणारा मुलगा सतरा वर्षांचा होता. त्याचे रक्त ससून रुग्णालयात घेतले गेले ते सकाळी अकराच्या सुमारास, आठ तासांहून अधिक काळाने. पुढे पोलिसांचेच म्हणणे असे की, ते रक्त कचऱ्यात गेले आणि त्याच्या जागी दुसऱ्याच व्यक्तीचे रक्त सील झाले. डॉक्टरांना अटक झाली. हा प्रकार कळला तो पोलिसांनी औंधच्या जिल्हा रुग्णालयात दुसरा नमुना घेऊन डीएनए जुळवून पाहिला म्हणून. आरोप खरे की खोटे ते न्यायालय ठरवील, त्यावर मी बोलणार नाही. मला दिसते ते असे की, १९६३ मध्ये विचारलेला प्रश्न २०२४ मध्येही तसाच विचारावा लागला आणि त्याचे उत्तर नोंदवहीत सापडले नाही. दुसरे रक्त घेण्याचे कोणाच्या तरी मनात आले, म्हणून ते सापडले.

यात वेळेचे गणित समजून घेणे फार महत्त्वाचे आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ ने मर्यादा घातली आहे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमची. शरीर मद्यार्क एका ठरावीक गतीने जाळत असते. बहुतेक माणसांत दर तासाला साधारण १० ते २० मिलिग्रॅम. म्हणजे रात्री अडीचला एखाद्याच्या रक्तात १०० मिलिग्रॅम असेल, कायद्याच्या मर्यादेच्या तिपटीहून जास्त, तर सकाळी दहापर्यंत त्यातले काहीही उरलेले नसण्याची शक्यता चांगलीच आहे. ७ जुलै २०२४ रोजी वरळीत एका महिलेला गाडीने फरफटत नेले, त्या गाडीचा चालक दोन दिवसांनी सापडला. अशा वेळी त्याच्या रक्तात दारू शोधून काय मिळणार? मागे मोजत जाऊन अपघाताच्या वेळचा आकडा काढण्याची पद्धत आहे, स्वीडनच्या विडमार्क यांचे सूत्र १९३२ पासून सर्वांना माहीत आहे. पण नमुन्यात काही तरी उरलेले असेल तरच ते चालते. शून्यातून मागे मोजता येत नाही.

आपल्याच कायद्यात दोन तासांची एक अट आहे, ती फार जणांना माहीत नसते. कलम २०२ म्हणते की, कलम १८५ खाली अटक केलेल्या माणसाची वैद्यकीय तपासणी अटकेपासून दोन तासांत झालीच पाहिजे, नाही तर त्याला सोडून द्यावे लागेल. ही तरतूद अटक झालेल्याच्या संरक्षणासाठी आहे आणि ती योग्यच आहे. पण घड्याळ सुरू होते ते अटक दाखवल्यापासून. अपघात अडीचला, जबाब-पंचनामे पहाटेपर्यंत, अटक सकाळी, असे झाले की कायदा पाळूनही रक्त रिकामे होऊ शकते.

नमुना वेळेत घेतला तरी तो टिकवावा लागतो. कातडी पुसायला स्पिरिट वापरायचे नाही, हे प्रत्येक डॉक्टरला शिकवलेले असते. रक्त घ्यायचे ते करड्या टोपणाच्या फ्लुओराइडच्या बल्बमध्ये, कारण सोडियम फ्लुओराइड नसेल आणि बाटली उन्हाळ्यात पोलीस ठाण्याच्या कपाटात पडून राहिली, तर रक्तातल्या साखरेवर जंतू वाढून तिथे नवा मद्यार्क तयार होऊ शकतो. बूच सैल असेल तर असलेला मद्यार्क उडूनही जातो. दोन्ही बाजूंनी वकिलाला मुद्दा मिळतो. आमच्या रुग्णालयांत कधी करडा बल्ब संपलेला असे, कधी लाख नसे, कधी सील करायला पितळी ठसाच सापडत नसे. लसींसाठीचा फ्रिज असे, पण त्यात पोलिसांचा नमुना ठेवायचा नाही हेही बरोबरच होते. मग हवालदार ती बाटली खिशात घालून निघे. पुढे मुद्देमाल कारकुनाकडे, मग ‘सीए’ला, म्हणजे रासायनिक परीक्षकाकडे, पाठवायचे नमुने एकत्र गोळा होईपर्यंत वाट, मग एखाद्या शिपायाबरोबर एस. टी.ने शहरात. ऑनलाइन मागवलेल्या चपलांचे पार्सल कुठल्या गोदामात पोहोचले हे आपण मोबाइलवर पाहतो. माणूस मेल्याच्या खटल्यातली बाटली कुठे आहे हे मात्र तपास अधिकाऱ्यालाही सांगता येत नाही.

हे सगळे दारूचे झाले. महोदय, दारूच्या बाबतीत निदान फुंकायचे यंत्र आहे, कायद्यात आकडा आहे, फॉर्म आहे. अमली पदार्थांच्या बाबतीत यातले काहीच धड नाही.

कलम १८५ चा दुसरा भाग म्हणतो की, अमली पदार्थाच्या अंमलामुळे वाहनावर योग्य नियंत्रण ठेवता येणार नाही अशा अवस्थेत वाहन चालवणे हाही गुन्हा. आकडा नाही. नियंत्रण सुटले होते हे कोणी, कसे सिद्ध करायचे तेही नाही. बरे, कलम २०४ खाली रक्त मागण्याचा अधिकार पोलिसाला मिळतो तो फुंकण्याच्या यंत्राने दारू दाखवली किंवा माणसाने फुंकायला नकार दिला तर. गांजा ओढून आलेला माणूस नाकाबंदीत आनंदाने फुंकतो, यंत्र शून्य दाखवते आणि गाडी पुढे जाते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५१ खाली अटकेतल्या आरोपीचे रक्त घेता येते, पण त्यासाठी आधी संशय यायला हवा, आणि संशय घ्यायला कोणाला शिकवले आहे? आमचा फॉर्म दारूबंदीच्या काळातला. त्यात तोंडाच्या वासाला पहिली जागा. एमडीला वास नसतो.

एमडी म्हणजे मेफेड्रोन. फेब्रुवारी २०१५ मध्ये तो अमली पदार्थांच्या यादीत आला. २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यावर छापा घातला, तेव्हा त्याचे नाव घराघरांत पोहोचले. मालेगावात झोपेच्या आणि चिंतेवरच्या गोळ्या ‘कुत्ता गोळी’ नावाने विकल्या जातात. ट्रकच्या केबिनमध्ये जागे राहण्यासाठी गोळ्या आणि खसखशीच्या बोंडांची भुकटी फिरते. खोकल्याच्या औषधातला कोडिन आहे, ट्रामाडॉल आहे. आपल्याकडचे चालक ज्या नशेत गाडी चालवतात तिचा मोठा भाग फुंकण्याच्या यंत्राला दिसतच नाही.

आणि दिसत नाही म्हणून मोजला जात नाही. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे गेली. त्यातले दारू आणि अमली पदार्थ यांच्या खात्यावर टाकलेले मृत्यू जेमतेम अडीच टक्के, आणि तेही दोन्हींची बेरीज एकाच रकान्यात. हा आकडा वाचून कोणी निश्चिंत होऊ नये. ज्या चालकाचे रक्त तपासलेच नाही तो या तक्त्यात शुद्धीवरचा चालक म्हणूनच नोंदला जातो.

यावर आता एक सोपा उपाय सुचवला जातो: परदेशासारखे लाळ तपासण्याचे किट आणा. मी त्याच्या विरोधात नाही, पण किट म्हणजे काय ते नीट पाहून घ्या. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्याने डिसेंबर २००४ मध्ये रस्त्यावर लाळेची चाचणी जगात सर्वांत आधी सुरू केली. पहिल्याच दिवशी कॅमेऱ्यांसमोर एका चालकाला दोषी दाखवले गेले आणि प्रयोगशाळेच्या तपासणीत तो निर्दोष निघाला. त्याची बदनामी मात्र तोवर घरोघरी पोहोचली होती. रस्त्यावरचे किट फक्त इशारा देते. ठाम उत्तर देते ती प्रयोगशाळेतली रक्ताची तपासणी, द्रव क्रोमॅटोग्राफी आणि मास स्पेक्ट्रोमेट्री जोडलेल्या यंत्रावरची. शिवाय ॲम्फेटामिनसाठी बनवलेल्या बऱ्याच झटपट चाचण्यांना मेफेड्रोन नीट ओळखता येत नाही. म्हणजे आपल्या राज्यातला सर्वांत डोकेदुखीचा पदार्थच त्यांच्या हातून निसटण्याची शक्यता आहे.

लघवीच्या चाचणीवर तर मुळीच भिस्त ठेवू नका. गांजातला मुख्य घटक ओढल्यानंतर काही मिनिटांत रक्तात शिखराला जातो आणि काही तासांत झपाट्याने उतरतो. लघवीत मात्र त्याचे निष्क्रिय अवशेष दिवसेंदिवस, नेहमी ओढणाऱ्यात आठवडेही सापडतात. गेल्या रविवारी ओढलेला माणूस आज पूर्ण शुद्धीवर गाडी चालवत असेल तरी लघवी त्याला पकडून देईल, आणि नुकताच ओढून आलेला तिच्यात वेगळा दिसणार नाही. खसखशीमुळे लघवीत मॉर्फिन उमटू शकते, हे जगभर माहीत आहे. अमेरिकेने नोकरीच्या ठिकाणच्या चाचण्यांची मर्यादा १९९८ मध्ये ३०० वरून २,००० नॅनोग्रॅमवर नेली ती याच कारणाने. दिवाळीत अनारसे खाऊन निघालेल्या कुटुंबवत्सल चालकाला आपण कोठडीत बसवणार आहोत का?

ब्रिटनचे उदाहरण हमखास पुढे येईल. त्यांनी २ मार्च २०१५ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये नवा गुन्हा आणला आणि पदार्थागणिक रक्तातल्या मर्यादा ठरवल्या. गांजाच्या घटकासाठी लिटरमागे २ मायक्रोग्रॅम, म्हणजे चुकून धूर गेला तर पकडले जाऊ नये एवढीच. डायझेपामसारख्या औषधासाठी ५५०, कारण ते डॉक्टरच्या सल्ल्याने घेणारे लोक आहेत, आणि अशा रुग्णाला बचावाची सोयही कायद्यातच आहे. अवैध नशा आणि वैद्यकीय औषध यांच्यासाठी दोन वेगळे विचार, ही त्यातली शिकण्यासारखी गोष्ट. पण त्यांची यादी जशीच्या तशी उचलू नका. त्या सतरा पदार्थांत मेफेड्रोन नाही, अल्प्राझोलाम नाही, ट्रामाडॉल नाही. ती यादी मँचेस्टरच्या रस्त्यांसाठी आहे, मालेगावच्या नव्हे. त्याच मँचेस्टरमधल्या एका खासगी प्रयोगशाळेत निकालांत फेरफार झाल्याचा संशय २०१७ मध्ये आला आणि दहा हजारांहून अधिक प्रकरणे पुन्हा तपासायची वेळ आली. त्यांतली बहुतेक नशेत वाहन चालवण्याचीच होती. यंत्र आधुनिक असले तरी नमुन्याचा आणि निकालाचा हिशेब ठेवणारी माणसे बाहेरून तपासली जायला हवीत, एवढे त्यातून घ्यावे.

मग आमच्या बाटलीचे दुखणे नेमके कुठे आहे? ती तीन खात्यांतून प्रवास करते. रस्त्यावरचा पोलीस आपल्या गृहखात्याचा. रक्त काढणारा डॉक्टर सार्वजनिक आरोग्य खात्याचा किंवा ससूनसारख्या ठिकाणी वैद्यकीय शिक्षण खात्याचा. कलिन्याची आणि विभागीय न्यायसहायक प्रयोगशाळा पुन्हा आपल्याच खात्याच्या. सुरुवात आणि शेवट गृहखात्याकडे, मधला भाग दुसऱ्याकडे. बिघडले की पोलीस डॉक्टरकडे बोट दाखवतात, डॉक्टर ‘नमुना पोलिसांना दिला’ म्हणून जावक क्रमांक दाखवतात आणि प्रयोगशाळा म्हणते, आमच्याकडे आले ते आम्ही तपासले. तिघेही आपापल्या जागी खरे बोलत असतात. पूर्ण प्रवासाचा मालक मात्र कोणीच नाही.

म्हणून माझ्या मागण्या मोठ्या यंत्रांच्या नाहीत. त्यातल्या बहुतेकांना विधिमंडळाची परवानगीही लागणार नाही.

पहिली, वेळेची. जीवघेण्या किंवा गंभीर दुखापतीच्या प्रत्येक अपघातात हयात असलेल्या प्रत्येक चालकाचे रक्त पोलीस घटनास्थळी पोहोचल्यापासून दोन तासांत घेतले जावे. जमले नाही तर कारण स्टेशन डायरीत लिहावे, आणि ते कारण रोज रात्री पोलीस अधीक्षकाने वाचावे. जबाब, पंचनामे, गाडीचे फोटो सकाळी करता येतात. रक्त सकाळपर्यंत थांबत नाही.

दुसरी, किटची. राज्याने एकच सीलबंद, क्रमांक छापलेले किट ठरवावे: फ्लुओराइडचे दोन बल्ब, स्पिरिट नसलेला फाया, फाडल्याशिवाय उघडणार नाही असे सील. दोन बल्बांपैकी एक तपासणीला, दुसरा न्यायालयाच्या हुकमाशिवाय न उघडण्यासाठी. आरोपीला फेरतपासणी मागण्याचा हक्क मिळेल आणि पहिला बल्ब कोणी बदलला तर दुसरा बोलेल. पुण्यात योगायोगाने झाले ते नियमाने होऊ द्या. हे किट प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात, उपजिल्हा रुग्णालयात आणि महामार्ग पोलिसांच्या गाडीत असावे.

तिसरी, नोंदीची. किटवरचा बारकोड डॉक्टरने, हवालदाराने, मुद्देमाल कारकुनाने आणि प्रयोगशाळेने हातात घेताना मोबाइलवर टिपावा. वेळ आणि जागा आपोआप नोंदली जाईल. साठ वर्षांपूर्वीच्या प्रश्नाचे उत्तर मग कोणाच्या आठवणीवर राहणार नाही.

चौथी, काय शोधायचे याची. आज यादीत मद्यप्राशनाचे विचारले तर प्रयोगशाळा मद्यच पाहणार. जीवघेण्या अपघातात अमली पदार्थांची आपल्या राज्यासाठी ठरवलेली यादीही आपोआप तपासली जावी: गांजा, मेफेड्रोन, झोपेच्या आणि चिंतेच्या गोळ्या, ट्रामाडॉल, कोडिन, अफूचे घटक. मेफेड्रोन आणि कोकेन रक्तात टिकाऊ नाहीत; म्हणून थंड ठेवणे आणि लवकर तपासणे याला प्रयोगशाळेत वेगळी रांग हवी.

पाचवी, डॉक्टरांची. जुना फॉर्म बदला. अमेरिकेत लॉस एंजेलिस पोलिसांनी १९७० च्या दशकात बारा टप्प्यांची तपासणी बसवली. डोळ्यांची हालचाल, अंधारात आणि उजेडात बाहुल्यांचा आकार, तीन वेळा नाडी, स्नायूंचा ताण, टोचल्याच्या खुणा, सगळे क्रमाने. आमच्या डॉक्टरांना हे दोन दिवसांत शिकवता येईल. रक्तातला आकडा सांगतो की पदार्थ होता; तपासणी सांगते की तो माणूस गाडी चालवण्याच्या स्थितीत होता का. कलम १८५ ला दुसरी गोष्ट हवी आहे.

सहावी, कायद्याची, आणि ती दिल्लीकडे मागायची. कलम २०४ मध्ये रक्त मागण्याचा अधिकार फक्त दारूला जोडलेला आहे, तो अमली पदार्थांपर्यंत वाढवावा. औषध घेणाऱ्या रुग्णाला संरक्षण द्यावे. आणखी एक फट बुजवावी: नव्या संहितेनुसार सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची तरतूद आहे. पण निष्काळजीपणाने मृत्यू घडवण्याच्या गुन्ह्याला पाच वर्षांची शिक्षा आहे. सदोष मनुष्यवधाचे कलम लावले नाही, तर रस्त्यावरचा मृत्यू या तरतुदीबाहेरच राहतो.

या सगळ्यात एक धोका आहे, तोही स्पष्ट सांगते. नवे किट हातात आले की नाकाबंदीत पहिला थांबवला जाईल तो ट्रकवाला, आणि बंगल्यातून निघालेली गाडी पुढे जाईल. गोळी घेऊन जागे राहणाऱ्या ट्रकचालकाला १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यानेच दिवसाला आठ तासांच्या कामाचा हक्क दिला होता. त्याला सोळा-सोळा तास चालवायला लावणारा मालक आणि माल पाठवणारी कंपनी यांच्यावर कारवाई न करता फक्त त्याचे रक्त काढले, तर ही योजना वसुलीचे आणखी एक दुकान होईल. म्हणून रस्त्यावरच्या चाचणीचा निकाल स्वतःहून शिक्षेचा आधार ठरू नये. प्रत्येक चाचणीची नोंद त्याच बारकोडवर व्हावी, आणि कोणाला थांबवले, कोणाला सोडले हे जिल्ह्याच्या वरिष्ठांना दिसावे. हिशेब ठेवायचा तर तो दोन्ही बाजूंचा ठेवा.

सातवी आणि शेवटची मागणी माहितीची. दर तीन महिन्यांनी गृहखात्याने जिल्हावार चार आकडे जाहीर करावेत: जीवघेण्या अपघातांत किती चालकांचे रक्त घेतले, त्यांतले किती दोन तासांत, किती नमुने प्रयोगशाळेने सील किंवा रसायनाच्या कारणाने परत केले, आणि अहवाल यायला सरासरी किती दिवस लागले. दोषी ठरलेल्यांचा आकडा मी मुद्दाम मागत नाही. तो न्यायालयाचा विषय. वरचे चारही आकडे तुमच्या हातातले आहेत, आणि ते सुधारले की बाकीचे आपोआप सुधारतील.

हे करायला पहिली पायरी एका बैठकीची आहे. गृह, सार्वजनिक आरोग्य आणि वैद्यकीय शिक्षण या तीन खात्यांचे सचिव, न्यायसहायक प्रयोगशाळांचे संचालक आणि एखाद्या ग्रामीण रुग्णालयात आज रात्रपाळी करणारा वैद्यकीय अधिकारी, यांना एका टेबलाशी बसवा. एकाच प्रश्नावर बोला: रक्ताच्या बाटलीचा मालक कोण? उत्तर एका नावाचे असू द्या, समितीचे नको. आणि त्या बैठकीचे इतिवृत्त लोकांसाठी खुले करा. पुढच्या मोठ्या अपघातानंतर गय न करण्याचे वाक्य पुन्हा येईल, तेव्हा त्या अधिकाऱ्याचे नाव आणि दूरध्वनी क्रमांक त्या निवेदनाखाली छापलेला असावा.

आपली,
एक निवृत्त वैद्यकीय अधिकारी